बिनरजेचा माणूस

सोम्याने आज सलाम डाव्या हाताने ठोकला.

गोष्ट एवढीशीच. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आली नसती, आणि एरवी रघुनाथ भोयेच्याही आली नसती. पण आज त्याचं सगळं अंगच जागं होतं. काल संध्याकाळी ठाण्याहून तार आली होती. जिल्हा कचेरीत आस्थापना शाखेचा प्रमुख म्हणून निवड झाली आहे, सोमवारी रुजू व्हा. ती तार कोटाच्या आतल्या खिशात घालून तो सकाळी बाजारपेठेतून चालत आला, तेव्हा जव्हार त्याला ओळखूच येईना. भातकापणीचे दिवस, हवा कशी लख्ख. झाडीच्या वर राजवाड्याचा घुमट असा उभा, जणू यालाच बघायला मान उंच केलीय. शिंप्याची मशीन खडखडत होती, वाण्याच्या दुकानात गुळाच्या ढेपेवर माश्या घोंगावत होत्या, आणि त्यातलं काहीही आज साधं वाटत नव्हतं. जामसरच्या लाडक्या भोयेचा पोर, जिल्ह्याचा आस्थापना प्रमुख! हे वाक्य तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि दर वेळी पोटात गुदगुल्या होत होत्या. खोट एकच होती, ऐकायला कुणी नव्हतं. बायको रुपी बाळंतपणाला माहेरी, वर सूर्यमाळला. आई आणि धाकटा भाऊ ढवळू जामसरला. जामसर काही परमुलुख नव्हे, पायी जाऊन येण्यासारखं. पण कचेरी सोडून जायचं कसं, या एका सवालापाशी त्याचं जाणं गेली कित्येक वर्षं अडलेलं. आनंद पोटात मावत नव्हता, ओठांवर आणायला माणूस नव्हतं. अशा अवस्थेत तो कचेरीच्या पायऱ्या चढला आणि दारातल्या पट्टेवाल्याचा डावा हात कपाळाला गेला.

तो थबकला. पितळी बिल्ल्याचा पट्टा तोच, खाकी कोट तोच, कोपरावरचं ठिगळही तेच. मग त्याने एक गोष्ट केली, जी विलीनीकरण झाल्यापासून आजवर केली नव्हती. त्याने सोम्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तोंड हसरं होतं, दात पांढरेशुभ्र, ओठावर कोवळी मिशी. आणि रघुनाथला आठवलं, अगदी स्वच्छ आठवलं, की परवा टपाल आणून देताना सोम्याचा पुढचा एक दात नव्हता.

माणसाला दात पुन्हा फुटत नाही, एवढं ज्ञान अव्वल कारकुनाला असतं. तो आत आला, खुर्चीवर बसला. छातीत धडधड सुरू झाली, आणि गंमत म्हणजे ती भीतीची की तारेच्या आनंदाची हे त्याचं त्यालाच कळेना. कारण सोम्या हा काही साधा पट्टेवाला नव्हता. सोम्या म्हणजे रघुनाथ भोयेच्या कारकिर्दीचा पुरावा होता. संस्थान खालसा होऊन मुंबई सरकारात गेलं, त्या दिवसांपासून एकही रजा न घेतलेला माणूस! तापात नाही, लग्नसराईत नाही, भाताच्या लावणीत नाही, होळीला नाही. रघुनाथने हजेरीची नवी पद्धत काढली, महिन्याची हजेरी दाराशेजारी भिंतीवर टांगायची, ज्याची पूर्ण त्याचं नाव सगळ्यांत वर. ते नाव कायम सोम्याचंच. कारकून कुरकुरले की तो म्हणायचा, "त्या सोम्याकडे बघा जरा! शिकलेला नाही सवरलेला नाही, पण हाडाचा नोकर." मग त्याने त्यावर टिपण लिहून ठाण्याला पाठवलं. ते टिपण तिथल्या जिल्हा कचेरीच्या चिटणीससाहेबांना भलतंच पसंत पडलं. तार आली ती त्या टिपणामुळे. आणि आज दुपारी चिटणीससाहेब स्वतः जीपने येणार होते, कशाला, तर या बिनरजेच्या माणसाला डोळ्यांनी बघायला आणि आपल्या हाताने नोकरीत कायम करायला.

पाणी भरणारी हिराबाई घागर घेऊन आत आली. रघुनाथने आवाज शक्य तितका सहज ठेवला. "हिराबाई, बाहेर कोण आहे गं?"

"सोम्या."

"सोम्याच ना?"

"आज बारक्या हाये," हिराबाई माठात पाणी ओतत म्हणाली. "सोम्या भात झोडतो. आन् मंगळू गेलाय गवत कापाया. काहो भाऊसाहेब, बारक्या नगं का? मंगळूला धाडू का सांगून?"

"म्हणजे तिघं?"

हिराबाईने घागर खाली ठेवली. त्याच्याकडे बघून ती आधी हसली, आणि मग तिचं हसू विरून गेलं. "तुमाला ठावं नाय?" ती हळू आवाजात म्हणाली. "आमाला वाटं, तुमाला ठावं हाये. तुमी जामसरचं ना."

ती गेली. तिच्या त्या शेवटच्या शब्दांनी रघुनाथच्या कानशिलांत रक्त चढलं. तुम्ही जामसरचे ना! म्हणजे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं, आणि सगळ्या कचेरीने गृहीत धरलं होतं की भाऊसाहेब तर आपल्यातलेच, त्यांना काय सांगायचं? आणि खरंच, त्याला कळायला नको होतं? संस्थानच्या काळात नोकरी माणसाला कुठे देत होते? घराला देत. दरबारातून पट्टा आला की तो घराच्या आढ्याला टांगायचा, आणि ज्याच्या हाताला त्या दिवशी शेत नसेल त्याने तो कमरेला बांधून निघायचं. बाप निघाला तर बाप, पोरगा निघाला तर पोरगा. जामसरलाही एक घर होतं, जंगलखात्याचा पट्टा असलेलं. लहानपणी तो आणि ढवळू ओट्यावर बसून पैज लावायचे, आज त्या घरातून कोण बाहेर पडणार. हे सगळं त्याला माहीत होतं. माहीत होतं आणि ते डोक्यातून पुसलं गेलं होतं, पाटीवरची अक्षरं ओल्या फडक्याने पुसावी तसं. कधी पुसलं? बहुधा त्या दिवसांत, विलीनीकरणाच्या. तेव्हा मुंबईहून एक साहेब आले होते. दरबारातली सगळी नोकरमाणसं अंगणात उभी केली, आणि प्रत्येकाला एक जागा, एक दर्जा, एक पगारश्रेणी. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली. संस्थानात सगळा गोतावळा होता, मामा-भाचे, मानपान, गडबडगुंडा. आणि बघता बघता त्या गोतावळ्याची उतरंड झाली, नीट, चढत्या क्रमाने. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेला तरणा रघु त्या साहेबांच्या मागे दौत घेऊन उभा होता आणि त्याच्या अंगावर काटा आला होता. काय सुंदर होतं ते! माणसं अशी जागच्या जागी मांडता येतात! इतरांना गाण्याचं, कुस्तीचं, बाईचं वेड लागतं. रघुनाथला आस्थापनेचं लागलं. एका जागेवर एक माणूस आणि एका माणसाला एक जागा, याहून चोख गोष्ट त्याला जगात दुसरी दिसली नव्हती.

आणि त्या चोख जागेवर इतकी वर्षं तिघे जण आळीपाळीने बसत होते. त्याला हसू फुटलं. दाबलं तरी फुटलं. सगळी वर्षं उलटी होऊन त्याच्यासमोर पडू लागली आणि एकेक कोडं पटापट सुटू लागलं. सोम्या सायकलवरून मोखाड्याच्या रस्त्याला टपाल देऊन यायचा, मग एके दिवशी त्याच सायकलवरून कचेरीच्या दारात सपशेल आडवा झाला. तेव्हा रघुनाथ म्हणाला होता, वय झालं वाटतं. सोम्याला तंबाखूचा वास सहन होत नव्हता आणि सोम्याच्या कनवटीला तंबाखूची चंची होती. सोम्या कधी गुणगुणायचा, कधी दिवसभर मुका. त्याने एकदा दौत सांडली म्हणून रघुनाथने दुसऱ्या दिवशी चांगला फैलावर घेतला, तर सोम्या खाली मान घालून सगळं ऐकून गेला, जाताना एवढंच म्हणाला, "घरी सांगतो." घरी सांगतो! केवढा राग आला होता तेव्हा, उद्धट म्हणून! बिचारा खरंच घरी सांगणार होता, ज्याने सांडली त्याला. रघुनाथ खुर्चीत मागे रेलला आणि त्याला वाटलं, आपण एका माणसाला ओळखत होतो असं समजत होतो, तर आपण एका बिल्ल्याला ओळखत होतो. याची लाज वाटायला हवी होती. लाज वाटली नाही असं नाही, पण तिच्याहून मोठं काहीतरी उसळत होतं. अंधाऱ्या खोलीची खिडकी कुणीतरी धाडकन उघडावी तसं. सगळं घर नोकरीला होतं, म्हणून रजा नव्हती! घराला कुठे ताप येतो, घर कुठे लावणीला जातं? एक जण चिखलात आणि एक जण दारात. किती साधं, किती शहाणपणाचं.

मग त्याची नजर दाराशेजारच्या हजेरीवर गेली. चिटणीससाहेब दुपारी येणार. हे उघडं पडलं तर तीन माणसं एका नावावर, म्हणजे सरकारची फसवणूक. पट्टा गेला, ते घर उघड्यावर पडलं. आणि टिपण लिहिणारा? तो तर जिल्ह्याच्या कचेरीत हसण्याचा विषय. सोमवार गेला, ठाणं गेलं, जन्मभर जव्हारच्या या खुर्चीत बसून भिंतीवर हजेरी टांगायची. तो ताडकन उठून बाहेर आला.

"बारक्या," त्याने पहिल्यांदाच त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारली. बारक्या काही दचकला नाही. "साहेब आले की सलाम उजव्या हाताने. समजलं? बोलायचं काही नाही. नाव विचारलं तर सोम्या."

"हां," बारक्या म्हणाला, आणि त्याचं तोंड आनंदाने फुललं. "पर मी निरोप धाडलाय ना घरला. ठाण्याचा साहेब कवतिक कराया येतो. समदीच येत्यात. आयपन येते."

"कशाला?" रघुनाथ जवळजवळ ओरडलाच.

"कवतिक समद्यांचं हाये ना?" बारक्याने विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ प्रश्न होता, की जिल्ह्याचा भावी आस्थापना प्रमुख आपल्या कोटाची बटणं लावू लागला.

दुपारी चढावर जीपचा घरघराट ऐकू आला, आणि दुसऱ्या बाजूने, पाड्याच्या पायवाटेने, ती तिघं. पुढे त्यांची आई, म्हातारी कोंडी, धुवट लुगडं नेसलेली, केसांत झेंडूचं फूल. तिच्यामागे सोम्या, भाताच्या झोडणीचा भुसा अजून भुवईत. आणि मंगळू, त्याने घाईत डोकं पाण्याने चापून बसवलं होतं. जीप आणि ती माणसं दारात एकाच वेळी पोचली. चिटणीससाहेब उतरले, जाडजूड, प्रसन्न, प्रवासाने धुळकटलेले. त्यांनी या घोळक्याकडे पाहिलं आणि आपणहूनच म्हणाले, "भाऊबंद वाटतं? कौतुक बघायला आले?"

झालं! देवच पावला. एक मान हलवली की सुटका. रघुनाथने मान हलवली.

"छान, छान. तुमचा तो सोम्या कुठाय? सोम्या, असा पुढे ये."

तिघेही पुढे आले.

सोम्या, मंगळू, बारक्या. एका पावलाने, एका ओळीत, अवघडून हसत. चिटणीससाहेबांनी पहिल्यांदा गंमत म्हणून घेतलं. "अरे, सोम्या म्हटलं मी." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आणखी एक पाऊल पुढे आले. मागून कोंडी मोठ्या अभिमानाने म्हणाली, "हां साहेब, हाच सोम्या. समदे माझ्याच पोटचे."

साहेबांचं हसू मावळलं. "भोये, हा काय प्रकार आहे?"

अजूनही वेळ होती. अडाणी माणसं आहेत साहेब, भांबावली आहेत, असं म्हणता आलं असतं, आणि जग त्यावर विश्वास ठेवायला नेहमीच तयार असतं. ते शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसलेही. पण रघुनाथने त्या तिघांकडे पाहिलं, एक बिल्ला आणि तीन छात्या, आणि सकाळपासून पोटात दाबून ठेवलेलं सगळं एकदम उसळून वर आलं. तो बोलायला लागला, आणि मग थांबेचना. साहेब, प्रकार असा आहे की हे तिघं मिळून एक आहेत. नोकरी यांच्या घराला दिलेली होती, आपण ती विलीन करून घेतली तेव्हा नाव एकाचं लिहिलं, पण त्यांना ते कुणी समजावून सांगितलं नाही. त्यांनी लपवलं नाही, मी बघितलं नाही. रजा नाही हे खरं आहे साहेब, अक्षर न् अक्षर खरं, फक्त त्याचं कारण मी लिहिलं ते नव्हे. आपला एक माणूस आजारी पडला की काम पडतं. यांचं कधी पडलं नाही. बोलता बोलता त्याचा आवाज चढला, हात हवेत गेले. कारकून दारात येऊन उभे राहिले. भाऊसाहेबांना असं बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यानेही ऐकलं नव्हतं. ठाणं हातचं चाललंय हे दिसत असतानाच त्याला इतकं हलकं, इतकं छान वाटत होतं, जत्रेत पाळण्यात बसल्यावर वाटतं तसं.

चिटणीससाहेबांनी रुमालाने मान पुसली, रघुनाथला बाजूला कडुनिंबाखाली नेलं. "भोये," ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या पद्धतीची तारीफ माझ्या सहीने मुंबईला गेलीय. वर गेलेली तारीफ खाली येत नसते. तुम्ही सोमवारी ठाण्याला रुजू व्हाल, आणि हे जे आत्ता बोललात ते पुन्हा कुठे बोलणार नाही. आणि यांच्यातला एक निवडा. बाकीच्या दोघांनी आजपासून कचेरीत पाऊल ठेवायचं नाही. एक जागा, एक माणूस." आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. म्हणजे सगळंच मिळालं होतं. पट्टा राहिला, ठाणं राहिलं. मनातून मागावं आणि देवाने पदरात टाकावं तसं; रघुनाथला मात्र ते घेताना हात आखडल्यासारखे झाले.

निवड कोंडीने केली. नाव ज्याचं, पट्टा त्याचा, ती म्हणाली; तिला यात काही अवघड दिसलं नाही. बारक्याने पट्टा सोडून सोम्याच्या कमरेला बांधला, कोट उतरवून दिला. साहेबांनी सोम्याशी हस्तांदोलन केलं, चहा घेतला आणि जीप मोखाड्याकडे निघून गेली. मग म्हातारी आणि दोघे भाऊ पायवाटेला लागले. ते दुःखी नव्हते. मंगळू तर खळ्यात राहिलेल्या पेंढ्यांचा हिशेब मोठ्याने बोलत होता. दुःखी झाला तो सोम्या. कायम झालेला, सरकारचा शिक्का बसलेला सोम्या पायरीवर उभा राहून त्या तिघांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे बघत राहिला, ती आंब्याआड होईपर्यंत, आणि नंतरही.

रघुनाथ त्याच्याजवळ आला. आनंदाच्या दिवशी माणसाने काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणाला, "आता तू कायम झालास, सोम्या. आता काळजी नाही."

"कायम म्हंजे कवापर्यंत, भाऊसाहेब?"

"कायम म्हणजे म्हातारा होईपर्यंत."

"रोज मीच?"

"रोज तूच."

सोम्याने ते ऐकून घेतलं. त्याच्या पडलेल्या दाताची खिंड आता रघुनाथला नीट दिसत होती, आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्याही. मग अगदी सहज, दुसऱ्याच्या घरची विचारपूस करावी तसं त्याने विचारलं, "आन् तुमची बारी कवा संपते? तुमच्या घरचा दुसरा कवा येनार?"

"माझ्या घरचा?"

"आमी बोलतो ना घरी. जामसरच्या भोयांचं घर लय चिवट. एकच मानूस धाडलाय, इतकी वर्सं झाली तरी पालटत नाय."

रघुनाथला एकदम खाली बसावंसं वाटलं, आणि तो बसलाच, कचेरीच्या पायरीवर, अव्वल कारकुनाने कधी बसू नये तिथे. तर ते याच्याबद्दल असं बोलत होते. वर्षानुवर्षं, भात झोडताना, चुलीपाशी, त्याची कीव करत होते. एक दिवस ढवळू येईल, कोट अंगात चढवेल, खुर्चीवर बसेल, आणि रघु घरी जाईल; शेणाने सारवलेल्या ओट्यावर पाय पसरून बसेल, आई नाचणीची भाकर थापेल. हे इतकं सरळ त्यांना दिसत होतं. आणि त्याला या क्षणी घरी जायची अनावर ओढ लागली. तारेची बातमी त्याला कुणाला सांगायची होती? ठाण्याला नाही, कारकुनांना नाही. ढवळूला सांगायची होती. ढवळूने तोंड वासून "हात्तिच्या!" म्हणायला हवं होतं.

"कुणी येणार नाही रे," तो म्हणाला. "आमच्याकडे मी एकटाच. कायम."

सोम्याने मान हलवली, ज्याला आता ते कळत होतं अशा माणसाने हलवावी तशी. मग कमरेचा पट्टा वर ओढून तो म्हणाला, "मंग तुमी जाऊन या की घरला. मी हाये ना. खुर्चीत मी बसतो. कोनी आला तं सांगन, साहेब हायेत."

हे ऐकून रघुनाथ भोये, जव्हार कचेरीचा अव्वल कारकून, सोमवारपासून जिल्ह्याचा आस्थापना प्रमुख, इतका मोठ्याने हसला की आतले कारकून पुन्हा दारात आले. त्यांच्यादेखत त्याने आपला कोट काढला आणि सोम्याच्या हातात दिला. ऊन अजून चांगलं होतं. तो पायरी उतरला, आणि जामसरच्या वाटेला लागल्यावर, आपण चालत नसून पळतोय हे त्याला पहिल्या वळणावर कळलं.